हौसाबाईंची हमी

तानाजी खाडेला सेक्रेटरी कुणी केलं, ह्याचं उत्तर ‘राजहंस विहार’मध्ये आजही कुणी देत नाही. निवडणूक झाली त्या रविवारी तो गावच्या जत्रेला गेला होता, आणि सोसायट्यांचा जगभर एकच नियम आहे: जो मीटिंगला नसतो तो सेक्रेटरी होतो. परत आला तर दारावर पाटी. तानाजीनं पाटी वाचली आणि बायकोला हाक मारली, "राजश्री, आपल्यात कोण सेक्रेटरी राहायला आलाय बघ गं. भाडं देतोय का विचार."

कोल्हापुरात बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान. वय पन्नाशीच्या पुढं, पण खोड्या सातवीतल्या. सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्यानं एकदा ‘वजन जास्त असेल तर लिफ्ट नाव जाहीर करेल’ असा कागद चिकटवला होता. आठवडाभर निम्मी सोसायटी जिन्यानं गेली. असल्या माणसाच्या हातात सोसायटीची सुरक्षा आली होती, आणि सुरक्षा म्हणजे आता गंमत राहिली नव्हती.

पूर्वी सोसायटीत चोरी झाली की वॉचमन बदलायचे. चोर तोच राहायचा. मग कुठल्याशा मोठ्या शहरात मोठा दरोडा पडला, आणि कोर्टानं साधा प्रश्न विचारला, "ह्या माणसांना आत कुणी सोडलं?" रहिवासी म्हणाले कमिटीनं, कमिटी म्हणाली वॉचमननं, वॉचमन म्हणाला गेट उघडंच होतं. त्या ढकलाढकलीतून जन्माला आला सहनिवास दायित्व कायदा. आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागं एक नाव पाहिजे. आलेल्यानं आत काही उपद्व्याप केला, तर भरपाई त्या नावाच्या फ्लॅटातून.

कायद्यापाठोपाठ यंत्र आलं. दिसायला काहीच नाही, गेटमधली फरशी आणि दोन खांब. पण त्या फरशीखाली दाब मोजणारी जाळी होती. तुमचं पाऊल टाचेवर किती पडतं, चवड्यावर किती, कुठल्या पायावर भार जास्त, सगळं तिला कळायचं. खांबांतून बारीक रेडिओलहरी निघायच्या. त्या कपड्यातून पार जाऊन छातीची हालचाल टिपायच्या, म्हणजे श्वास आणि ठोके दोन्ही. चाल ही माणसाची सहीच असते. दाढी वाढवा, गॉगल लावा, चाल बदलत नाही. यंत्र ही सही लाखो माणसांच्या सह्यांशी ताडून बघायचं आणि एक आकडा काढायचं. आकडा लहान असला तर हिरवा दिवा, आणि मग जबाबदारी यंत्र बसवणाऱ्या कंपनीची. मोठा असला तर लाल दिवा. लाल माणसाला आत घ्यायचं तर कुणीतरी रहिवाशानं गेटवर येऊन मोठ्यानं म्हणायचं, "हमी माझी."

खरी मेख त्या आकड्यात होती. यंत्राला चोर ओळखता येत नव्हता. त्याला फक्त एवढंच कळायचं, की हा माणूस बाकीच्यांसारखा चालत नाही. वेगळा तो संशयाचा.

यंत्राचा आवाज बाईचा, साखरेत घोळलेला. "आपलं स्वागत आहे, पण आपल्याला आत येता येणार नाही." राजश्रीनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं जाऊबाई.

तानाजीनं जाऊबाईची परीक्षा घ्यायची सोडली असती तरच नवल. एका सकाळी तो गेटातून उलटा चालत आत आला. जाऊबाई म्हणाली, "शुभ प्रवास, खाडेसाहेब," आणि राजश्रीच्या फोनवर संदेश पाठवला, की पती बाहेर गेले आहेत. दिवसभर तो घरात लोळत होता. कुणी काम सांगितलं की म्हणायचा, "मी बाहेर आहे."

पण हसू फार दिवस टिकलं नाही. पाहुणेच यायचे थांबले. गुडघेदुखीवाले लाल. डोक्यावर ओझं घेणारे लाल. इब्राहिम मिस्त्री, सोसायटी उभी राहिली तेव्हापासूनचा प्लंबर, पाय धनुष्यासारखे, तोही लाल. तो बिचारा गेटाबाहेर कट्ट्यावर बसून फोनवर सांगायचा, "वहिनी, पाना डावीकडं... तुमच्या डावीकडं न्हाई, नळाच्या डावीकडं." हमी घ्यायला कुणी खाली उतरायचं नाही. फ्लॅट सगळ्यांचेच कर्जातून कसेबसे सुटलेले. दुसऱ्या मजल्यावरच्या एकानं तर सख्ख्या मेव्हण्याची हमी घेतली नाही. बायको अजून त्याला जेवण वाढते, पण ताट आपटून.

राखीपौर्णिमेला वैजाआक्का आली.

वैजयंता, तानाजीची थोरली बहीण. आईनंतर त्याला ‘तान्या’ म्हणणारं जगात उरलेलं एकच माणूस. मोटरसायकलवरून पडून तिचा खुबा मोडला होता आणि जरा वाकडाच जुळला होता. ती एक पाऊल टाकायची आणि दुसरं ओढून आणायची. हातात नारळीभाताची पिशवी. फरशीवर पाय पडताच लाल दिवा.

"आपलं स्वागत आहे, पण..."

तानाजी धावत खाली आला. "हमी माझी!"

"क्षमस्व. कमिटीच्या सदस्यांना रक्ताच्या नातेवाइकांची हमी घेता येत नाही."

राजश्रीनंही म्हणून बघितलं. सेक्रेटरीची बायको, तीही चालेना. मग तानाजी मजल्या-मजल्यावर फिरला. कुणाला ताप आला, कुणी अंघोळीला गेलं. तिसऱ्या मजल्यावर चेअरमन शिरगावकर, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांनी दार उघडलं तरी.

"भावना समजतात, खाडे. पण उद्या तुमच्या भगिनी जिन्यात घसरल्या, त्यांच्या धक्क्यानं कुणी पडलं, तर? आयुष्यभर मी दावेच वाचले. हमी हा शब्द मी स्वतःच्या लग्नातसुद्धा उच्चारला नाही."

शेवटी आक्कानं उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभं राहून भावाला राखी बांधली. रसवाल्यानं घुंगरू थांबवलं. तानाजी हसवायला गेला, "आक्का, ओवाळणीत रस चालंल का? आलं-लिंबू घालून?"

आक्का हसली नाही. "तान्या, तुझ्या दारात मी चोर व्हय रं?"

तानाजीनं तिच्या हातातली नारळीभाताची पिशवी घेतली.

"भाऊबीजेला मी काय येत न्हाई बघ. तूच ये. न्हाईतर नको येऊस. पर मी रस्त्यावर ओवाळायची न्हाई." आणि ती पाय ओढत स्टॉपकडं गेली. तानाजी ती पाठमोरी चाल बघत राहिला. लांबून, गर्दीतून, अंधारातसुद्धा त्यानं ती ओळखली असती. जाऊबाईला तेवढं जमत नव्हतं.

राजीनामा देऊन बघितला, कुणी घेईना. कंपनीला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर साखरेतच आलं. दिवाळी जवळ आली, दुकानात गर्दी वाढली, पण तानाजीच्या तोंडून एक विनोद निघेना. गिऱ्हाइकं विचारायला लागली, "मालक आजारी हाईत काय?"

आणि मग इब्राहिम मिस्त्रीनं डबा परत आणला.

त्याचं असं झालं. उन्हात कट्ट्यावर बसून नळ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला राजश्रीनं झुणका-भाकरी धाडली होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्री डबा द्यायला आला. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यात बायकोनं केलेल्या शेवया घातल्या होत्या. गेटवर कुणी दिसेना, म्हणून त्यानं सवयीनं पाऊल पुढं टाकलं. हिरवा दिवा.

"हौसाबाई खाडे यांच्यासाठी. कृपया आत या."

मिस्त्री पाचव्या मजल्यावर पोचला तेव्हा घामाघूम होता. "तानाजीभाऊ, तुमच्या आईनं मला आत बोलावलं ओ."

"मिस्त्री, आई जाऊन चार वर्षं झाली."

"म्हणूनच घाम आलाय न्हवं का!"

तानाजीनं डबा हातात घेतला. स्टीलचा, कडीचा, झाकणावर कोरलेली ओळ: ‘कै. हौसाबाई खाडे यांच्या स्मरणार्थ.’ वर्षश्राद्धाला त्यानं स्वतःच वाटलेला. भांड्यांचं दुकान घरचं, अक्षर कोरायचं यंत्र घरचं, त्यामुळं हात आखडता घेतला नव्हता. सोसायटीत घरटी एक डबा दिला होता.

तो खाली गेला, डबा घेऊन पुन्हा आला. एकदा झाकण पुढं करून, एकदा आपल्याकडं करून; पुढं केलं की जाऊबाई आईचं नाव घ्यायची. आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं, सातवीतलं हसू पसरलं.

जाऊबाईनं कुरिअरवाल्यांसाठी एक सोय ठेवली होती. दर पार्सलाला कोण खाली उतरणार? म्हणून खांबातला कॅमेरा हातातल्या वस्तूवरचं नाव वाचायचा. ते नाव एखाद्या घरमालकाचं निघालं, तर त्या मालकाची कायमची संमती धरून आणणाऱ्याला आत सोडायचा, आणि हमीच्या रकान्यात मालकाचं नाव घालायचा. आता ज्यांनी ती जाऊबाई घडवली, त्यांच्या देशात भांड्यावर नाव कोरत नसावेत. तिला पार्सल आणि डबा ह्यातला फरक माहीत नव्हता. ‘कै.’ म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. तिला वाटलं असेल, बाईंच्या नावातलं पहिलं अक्षर.

पण मालकांच्या यादीत हौसाबाई आल्या कुठून? तर फ्लॅट आईच्या नावावर होता. आई गेल्यावर नाव बदलायचं होतं. "करू की, पुढच्या महिन्यात," असं म्हणत म्हणत तो पुढचा महिना अजून यायचा होता.

"अहो," राजश्री म्हणाली, "हे चुकीचं नाही का?"

"चुकलंय कोण? मी? मी तर बाहेर आहे."

वसुबारसेपासून राजहंस विहारात एक कुजबुज सुरू झाली. "आईचा डबा आहे ना घरात? रवा ठेवलाय त्यात? मग तो रवा काढा की जरा." कुणाच्या माळ्यावर होता, कुणाच्या देवघरात तांदळाला होता. डबे घासले गेले, हळूच बाहेर धाडले गेले, आणि पाहुण्यांच्या हातून परत यायला लागले. मावश्या आल्या, काठी टेकत आजोबा आले, दुसऱ्या मजल्यावरचा मेव्हणा आला आणि त्याच्या बहिणीनं त्या दिवशी ताट आपटलं नाही. डबे आत येताना करंज्यांनी भरलेले, बाहेर जाताना चकल्यांनी. जिन्यात चपलांचे ढीग पडले. कित्येक महिन्यांनी लिफ्टमध्ये भांडण झालं, आणि लोकांना बरं वाटलं.

भाऊबीजेला तानाजी स्वतः डबा घेऊन आक्काच्या घरी गेला आणि तिला रिक्षात घालून आणलं. गेटवर ती थबकली.

"पुन्यांदा नको, तान्या."

"आक्का, माझं ऐक. डबा छातीशी धर, नाव पुढं करून. आणि तुझी तू चाल."

तिनं एक पाऊल टाकलं, दुसरं ओढून आणलं. हिरवा दिवा.

"हौसाबाई खाडे यांच्यासाठी. कृपया आत या."

आक्का फरशीच्या मधोमध थांबली. पदर तोंडाला लावला. मागं रिक्षावाला हॉर्न मारायचा विसरला.

"आईनं घेतलं रं मला आत," ती म्हणाली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी पटांगणातून एक रॉकेट सुटलं, बाटली कलंडली, आणि रॉकेट सरळ शिरगावकरांच्या खिडकीत घुसलं. पडदा पेटला, सोफ्याचा हात जळाला. माणसाला काही झालं नाही. शिरगावकर तक्रार करणार नव्हते, कारण रॉकेट लावणारा त्यांचाच जावई होता. आणि तो पुण्याचा जावई, फुटबॉल खेळून गुडघ्याचं लिगामेंट तुटलेला, आत कसा आला होता? हौसाबाईंच्या डब्यावर. चेअरमनांनी स्वतः गुपचूप घासून दिलेल्या.

पण धुराच्या सेन्सरला जावई कळत नाही. त्यानं आपोआप दावा दाखल केला. त्या दिवसाचे हमीदार तपासले गेले, आणि दायित्व कार्यालयाची नोटीस आली: श्रीमती हौसाबाई खाडे यांनी समक्ष हजर राहावे.

तानाजीनं नोटीस आईच्या फोटोपुढं ठेवली. "आई, तुला बोलावलंय. काय घालून जातीस?" म्हणाला खरा, पण त्या रात्री फ्लॅटचे कागद त्यानं तीनदा काढून वाचले.

सुनावणी सोसायटीच्याच हॉलमध्ये झाली. दायित्व अधिकारी नाईकनवरे मॅडम, कडक इस्त्री आणि त्याहून कडक आवाज. शेजारी कंपनीचा टायवाला वकील. पुढं सगळी सोसायटी, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर हट्टानं आलेली आक्का.

"हौसाबाई खाडे?"

"हजर," म्हणून तानाजीनं डबा टेबलावर ठेवला.

हॉलमध्ये खसखस पिकली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी झाकणावरची ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि पेन खाली ठेवलं.

वकील गोड माणूस होता, जाऊबाईचा भाऊच शोभला असता. "मॅडम, यंत्राची वाचण्यात चूक झाली, कंपनी मान्य करते. पडदा, सोफा, सगळं आम्ही भरून देतो. खाड्यांवर काहीही नाही. त्यांनी फक्त एवढंच लिहून द्यायचं, की डब्यावर झालेले प्रवेश विनाहमी होते."

"म्हणजे त्या माणसांचं काय?" तानाजीनं विचारलं.

"तांत्रिक बाब आहे. त्यांच्या चालीवर घुसखोर अशी खूण पडेल."

"फक्त ह्या गेटवर?"

वकिलानं टाय सारखा केला. "सगळ्याच. सगळी यंत्रं एकमेकांशी जोडलेली आहेत."

मावश्या, आजोबा, मेव्हणा, मिस्त्री. शिरगावकरांचा जावई. आक्का. शहरातल्या कुठल्याही गेटवर पाऊल टाकलं की लाल, जन्मभर.

"आणि मी सही नाही केली तर?"

आता मॅडम बोलल्या. "तर हमी खरी धरावी लागेल. तुम्ही वारस, म्हणजे ती तुमच्यावर येते. नुसता पडदा नाही, खाडे. त्या दिवसांत डबा घेऊन जो-जो आत आला, त्यानं काहीही केलेलं असो, वर्षभरात कुणीही दावा लावू शकतो. सगळं तुमच्या फ्लॅटवर. शांतपणे विचार करा."

तानाजीनं आक्काकडं बघितलं. ती मान हलवून ‘सही कर’ म्हणत होती. "माझ्यापायी घर घालवू नको, तान्या. मला कुठं रोज जायचंय कुणाच्या दारात!"

मग त्यानं राजश्रीकडं बघितलं. घर तिचंही होतं. राजश्रीनं पुढं होऊन डबा उचलला आणि झाकणावरून अंगठा फिरवला.

"अहो, हे नाव आपण शाईनं लिहिलंय का कोरलंय?"

"कोरलंय."

"मग पुसायचं कशानं?"

तानाजी उठला. त्याची छाती दुकानातल्या मोठ्या पातेल्यासारखी फुगली होती. "मॅडम, यंत्राची चूक झाली नाही. माझी आई ज्या घरात होती त्या घरातनं कुणी उपाशी गेलं नाही आणि कुणी दारातनं परत गेलं नाही. तिचं नाव घेऊन जो आला, तो आमच्याच हमीवर आला. हमी माझी. लिहा."

मग मागं खुर्ची सरकली. शिरगावकर उभे राहिले होते. हातात पिशवी होती, पिशवीतून त्यांनी डबा काढला.

"पडदा माझा. जावई माझा. रॉकेट मीच आणून दिलं होतं, आणि ह्या डब्यात गेली तीन वर्षं आमच्याकडे साबुदाणा असतो." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "मॅडम, कायद्यात सहहमीदार म्हणून कलम आहे. मी वाचलंय. माझंही नाव घाला. आयुष्यात एकदा म्हणून बघतो. हमी माझी."

त्यांची बायको त्यांच्याकडं अशी बघत राहिली, जणू आत्ता लग्न लागलं.

मग दुसऱ्या मजल्यावरचा उठला, मग ताप आलेले, मग अंघोळीला गेलेले. "हमी माझी." कुणी घरी धावले आणि डबे घेऊन आले. टेबलावर जागा पुरेना, तेव्हा खाली मांडले. प्रत्येक झाकणावर तेच नाव. नाईकनवरे मॅडम एकेक नाव समोरच्या लॅपटॉपात घालत गेल्या, आणि शेवटी त्यांनी स्क्रीन वकिलाकडं वळवला.

"हे काय झालं?"

वकील बघतच राहिला. जाऊबाईच्या गणितात एक भागाकार होता. माणसाचा परकेपणा किती, त्याला भागिले त्याच्यामागं उभे किती. गेटवर आजवर एकटा-दुकटाच उभा राहायचा, तोही नाही म्हणायला. त्यामुळं भागाकाराला कधी काम पडलंच नव्हतं. आता अख्खी सोसायटी खाली येऊन बसली, आणि वरचा आकडा कितीही मोठा असो, उत्तर नगण्य. स्क्रीनवरचे लाल ठिपके एकामागून एक हिरवे होत गेले. आजोबा हिरवे. मिस्त्री हिरवा. आक्का हिरवी.

"म्हणजे आता इथं कुणीही हिरवा?" वकील पुटपुटला.

"ह्यांनी सगळ्यांनी मिळून हमी घेतली तर, हो," मॅडम म्हणाल्या. "कायदा तरी तेच म्हणत होता. एक नाव पाहिजे. जास्त नकोत असं कुठं म्हटलंय?" मग त्यांनी इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "खाडे, असा एखादा डबा शिल्लक आहे का? आमच्या सोसायटीत माझ्या आईला आत घेत नाहीत."

"आहे की," तानाजी म्हणाला. "पण त्यावर नाव तुमचं कोरू. आमची आई सध्या फार कामात आहे."

शिरगावकरांनी पडद्याची भरपाई घेतली नाही. जळका पडदा त्यांनी तसाच ठेवलाय, पाहुण्यांना दाखवतात.

आता आक्काला डबा लागत नाही. ती नुसती आली तरी जाऊबाई म्हणते, "हौसाबाई खाडे आणि राजहंस विहारातली सर्व घरं यांच्या हमीवर आपलं स्वागत." कमिटी तानाजीच्या मागं लागलीय, की फ्लॅटवरचं आईचं नाव आता तरी बदल. तानाजी म्हणतो, "करू की, पुढच्या महिन्यात."

कारण त्यानं वरच्या गॅलरीतून बघितलंय. आक्का गेटातून आत येते, ते नाव ऐकते, थांबते. इकडंतिकडं बघते. मग पाय ओढत पुन्हा बाहेर जाते आणि पुन्हा आत येते.